नॉकआऊटनंतर शैली किती बदलावी?

प्रश्न : मी २२ वर्षांचा असून हौशी मुष्टियुद्ध खेळतो. सतत पुढे जायचे, जवळ शिरायचे आणि हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने येणारे ठोसे, मारायचे, असा माझा खेळ आहे. दोन महिन्यांपूर्वी एका मोठ्या स्पर्धेत पहिली फेरी मी जिंकली. दुसऱ्या फेरीत प्रतिस्पर्धी दोरांकडे सरकला, मी त्याला संपवायचे म्हणून उजवा हूक मारत आत शिरलो आणि त्याच्या डाव्या हूकने खाली पडलो. दहा आकडे मोजून झाले. त्यानंतरचे मला थेट कपडे बदलायच्या खोलीतलेच आठवते. तीन आठवड्यांनी स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराबरोबर सरावाची लढत, सुरू केले, पण समोरच्याचा खांदा हलला की माझे डोळे मिटतात. सर म्हणतात, आता लांबून, जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ, झटपट ठोशावर, खेळायला शीक. मित्र म्हणतो, क्लबच बदल. आई म्हणते, खेळ सोड. मी माझी शैली पूर्ण बदलावी का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुम्ही शैलीविषयी विचारले आहे, पण पत्र वाचताना मी थांबलो ते त्याच्या आधीच्या एका वाक्यापाशी. पडल्यानंतरचे तुम्हाला थेट कपडे बदलायच्या खोलीतले आठवते, म्हणजे उठून उभे राहणे, निकाल जाहीर होणे, कोणीतरी तुम्हाला धरून रिंगखाली नेणे, हा सगळा भाग तुमच्या स्मृतीत नोंदलाच गेलेला नाही. हा मेंदूला बसलेल्या धक्क्याचा परिणाम आहे. हूकने मान एकदम वळते, तिच्याबरोबर कवटीच्या आत मेंदूही हेलकावतो आणि काही काळ त्याचे काम विस्कळीत होते. आंतरराष्ट्रीय हौशी मुष्टियुद्धाच्या नियमांनुसार नॉकआऊटनंतर किमान ३० दिवस लढतही नाही आणि स्पॅरिंगही नाही, आणि शुद्ध हरपली असेल तर हा काळ आणखी वाढतो. तुम्ही तीन आठवड्यांतच ग्लोव्हज चढवले. पहिली इजा भरून येण्याआधी डोक्यावर दुसरा जोरदार ठोसा बसला तर त्याचे परिणाम पहिल्यापेक्षा कितीतरी गंभीर, क्वचित जिवावर बेतणारेही होऊ शकतात, म्हणून हे पत्र वाचून झाल्यावर स्पॅरिंग थांबवा आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. रिंगशेजारच्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिले असेल, तर ती त्या क्षणापुरती तपासणी होती. डोके दुखणे, झोप बिघडणे, उजेड सहन न होणे, वाचताना लक्ष न लागणे, विनाकारण चिडचिड होणे, यांपैकी काहीही होत असेल तर ते डॉक्टरांपासून आणि सरांपासून लपवू नका. स्पर्धेतून नाव कापले जाईल या भीतीने मुले हे लपवतात, आणि मला या खेळात सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते.

तज्ज्ञांनी मोकळे सोडल्यावर मग शैलीचा विचार करता येईल, आणि तो करताना माझे म्हणणे एवढेच आहे की बदल पराभवाच्या आकाराएवढा नसावा, चुकीच्या आकाराएवढा असावा. नॉकआऊट हा दिसायला प्रचंड मोठा पराभव असतो, त्यामुळे त्याचे कारणही तेवढेच मोठे असणार असे खेळाडूला, घरच्यांना आणि कधीकधी प्रशिक्षकालाही वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कारण एका हाताचे, एका पावलाचे किंवा तयारीतल्या एखाद्या हलगर्जीपणाचे असते.

अमेरिकेचा मुष्टियोद्धा जो लुईस याचे उदाहरण मला यासाठी सर्वांत मोलाचे वाटते. १९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर जर्मनीच्या माक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत नॉकआऊट केले. लुईस तोवर अपराजित होता आणि जवळजवळ कोणीही श्मेलिंगच्या बाजूने पैसे लावायला तयार नव्हते. श्मेलिंगने मात्र लुईसचा खेळ बारकाईने पाहून एक गोष्ट हेरली होती : जॅब मारल्यावर लुईसचा डावा हात हनुवटीपाशी परत न येता खाली रेंगाळतो. त्या मोकळ्या जागेतून तो उजवा ठोसा मारत राहिला. चौथ्या फेरीत लुईस पहिल्यांदा खाली बसला आणि त्यानंतर तो पूर्ण सावरलाच नाही. आता या पराभवानंतर लुईसने सावध, मागे सरकत खेळणारा मुष्टियोद्धा व्हायचे ठरवले असते, तर त्यात कोणालाही वावगे वाटले नसते. त्याचे प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न यांनी तसे होऊ दिले नाही. दुरुस्ती झाली ती डाव्या हाताच्या परतीच्या वाटेत, आणि दोन पावलांत प्रतिस्पर्ध्याला कोंडून आखूड, सरळ ठोसे मारण्याची त्याची मूळ पद्धत तशीच राहिली. दोनच महिन्यांनी तो पुन्हा रिंगमध्ये होता, १९३७ मध्ये जगज्जेता झाला, आणि २२ जून १९३८ रोजी त्याच मैदानावर त्याने श्मेलिंगला पहिल्याच फेरीत, २ मिनिटे ४ सेकंदांत संपवले. पहिल्या घंटेपासून चालून जाणारा हा लुईस आधीपेक्षा अधिकच लुईस होता.

ब्रिटनचा जगज्जेता लेनॉक्स लुईस याच्या वाट्याला असे दोन पराभव आले आणि दोन्हींची कारणे वेगळी होती. २४ सप्टेंबर १९९४ रोजी लंडनच्या वेम्बलीमध्ये ऑलिव्हर मॅकॉलने त्याला दुसऱ्या फेरीत पाडले. दोघांचे उजवे ठोसे एकाच वेळी निघाले होते आणि मॅकॉलचा आधी पोहोचला. मॅकॉलच्या कोपऱ्यात त्या रात्री डेट्रॉइटचे प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड होते. लुईसने पुढे त्यांनाच आपले प्रशिक्षक केले. ज्याने आपल्यातली उणीव हेरली त्यालाच ती बुजवायला सांगणे, यासाठी मन मोठे लागते आणि अहंकार बाजूला ठेवावा लागतो. स्टुअर्ड यांनी उजव्या हातावरचे त्याचे अवलंबन कमी केले, तोल सुधारला आणि त्याच्या उंचीचा उपयोग जॅबसाठी करून घेतला. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हसीम रहमानने त्याला पाचव्या फेरीत नॉकआऊट केले, तेव्हा मात्र शैलीत फारसे काही चुकले नव्हते. लढत समुद्रसपाटीपासून खूप उंचावर, जोहान्सबर्गजवळ होती. रहमान बराच आधी जाऊन त्या हवेला सरावला होता, तर लुईस उशिरा पोहोचला आणि नेहमीपेक्षा जड होता. त्यानंतर त्याने शैली बदलली नाही, तयारी बदलली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रहमानला चौथ्या फेरीत नॉकआऊट करून किताब परत घेतला. स्पर्धेच्या वजनासाठी तुम्ही शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडले होते का, आदल्या रात्री झोप झाली होती का, त्याच स्पर्धेत आधीच्या लढतींत डोक्यावर किती मार खाल्ला होता, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. ते प्रामाणिकपणे वहीत लिहून काढा, कारण पराभवाचे मूळ तिथे सापडले तर खेळाला हात लावण्याची गरजच नाही.

संपूर्ण शैली बदलून यशस्वी झालेला मुष्टियोद्धा म्हटला की व्लादिमिर क्लिच्कोचे नाव पुढे येते, आणि तुमचे सर कदाचित त्याच्याच वाटेने विचार करत असावेत. हा युक्रेनचा १९९६ चा ऑलिम्पिक विजेता. २००३ मध्ये कोरी सँडर्सने त्याला दोन फेऱ्यांत आडवे केले आणि २००४ मध्ये लॅमन ब्रूस्टरसमोर तो पाचव्या फेरीत कोसळला. या दुसऱ्या पराभवाच्या वेळी स्टुअर्ड त्याच्या कोपऱ्यात नुकतेच आलेले होते. पुढची कित्येक वर्षे त्यांनी त्याला एकच गोष्ट शिकवली : प्रतिस्पर्ध्याला आपल्या जॅबच्या टोकाला ठेवायचे, तो त्यातूनही आत आला तर त्याला मिठी मारून आपल्या वजनाखाली दाबायचे, आणि पुन्हा लांब जायचे. सप्टेंबर २००५ मध्ये सॅम्युअल पीटरने त्याला तीन वेळा खाली पाडले तरी तो उठला, बिलगला, जॅब मारत राहिला आणि गुणांवर जिंकला. २००६ मध्ये त्याने जगज्जेतेपद मिळवले आणि २०१५ मध्ये टायसन फ्युरीकडून हरेपर्यंत, म्हणजे साडेनऊ वर्षे, ते राखले. त्याच्या लढती रटाळ होतात अशी तक्रार प्रेक्षक करत राहिले, पण ज्याने दोनदा शुद्ध हरपण्याच्या कडेवरून परत यायचे आहे, त्याने प्रेक्षकांच्या करमणुकीचा विचार करावा असे मला वाटत नाही.

तरीही हा मार्ग जसाच्या तसा तुम्हाला लागू पडत नाही. क्लिच्कोची उंची १९८ सेंटिमीटर होती. लांबून खेळण्यासाठी जे शरीर लागते ते त्याच्याकडे आधीपासून होते, त्याचा पूर्ण उपयोग होत नव्हता इतकेच. दुसरे असे की तो बारा फेऱ्या खेळत होता आणि तुम्हाला तीन-तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या मिळतात. तिसरे म्हणजे हौशी खेळात पुन्हा पुन्हा पकडून ठेवले की रेफरी ताकीद देतो आणि त्यात गुण जातात, त्यामुळे त्याच्या बचावाचा अर्धा भाग तुमच्या हाती उरतच नाही. याउलट अमेरिकेचा जो फ्रेझर पाहा. १९७३ मध्ये किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले. फ्रेझर जेमतेम सहा फुटांचा, हात आखूड, सगळी ताकद डाव्या हूकमध्ये आणि न थांबता पुढे येण्यात. त्याला कोणी लांबून जॅबवर खेळायला लावले असते तर हेवीवेट या सर्वांत जड वजनगटातल्या बहुतेक प्रतिस्पर्ध्यांसमोर त्याचा जॅब पोहोचलाच नसता. तो आपल्या पद्धतीनेच खेळत राहिला आणि दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, मनिलात महंमद अलीशी चौदा फेऱ्या लढला. १९७६ मध्ये फोरमनने त्याला पुन्हा पाचव्या फेरीत हरवले, हेही खरे आहे. काही प्रतिस्पर्धी काही शैलींना कायमचे जड जातात आणि ते मान्य करावे लागते. तुम्ही तुमची उंची आणि वजनगट लिहिलेला नाही. तुमच्या गटात तुम्ही उंच असाल तर सरांचे म्हणणे मनावर घ्या. तुम्ही बुटके असाल तर सरांसमोर बसून हा मुद्दा आदराने मांडा, कारण आखूड हातांच्या मुलाला लांबून खेळायला लावले तर त्याचा मूळ जोर जातो आणि नवा जोर येत नाही.

सरांच्या सल्ल्याला आणखी एक बाजू आहे, ती ब्रिटनचा मुष्टियोद्धा अँथनी जोशुआ याच्यामुळे कळते. १ जून २०१९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याने अँडी रुईझला तिसऱ्या फेरीत खाली पाडले, लगेच त्याला संपवायला धावला आणि कानशिलाजवळ डावा हूक खाऊन स्वतःच पडला. त्या फेरीत दोनदा, सातव्या फेरीत आणखी दोनदा. तुमच्या पत्रातले वर्णन वाचताना मला हीच लढत आठवली. सहा महिन्यांनी सौदी अरेबियातल्या दिरियाला तो सुमारे साडेचार किलो वजन कमी करून उतरला आणि संपूर्ण बारा फेऱ्या जॅब मारत, बाजूला सरकत, एकदाही हाणामारीत न अडकता खेळला. तिन्ही पंचांनी त्याला मोठ्या फरकाने विजयी ठरवले. त्या एका प्रतिस्पर्ध्यासाठी ही योजना अचूक होती. पण एका लढतीची योजना म्हणजे आपली कायमची शैली नव्हे, आणि माझ्या मते पुढे ऑलेक्सांडर उसिकसमोर २०२१ मध्ये जोशुआ तोच संयमी खेळ खेळायला गेला तेव्हा त्याने आपले सर्वांत मोठे शस्त्र, म्हणजे ताकद, घरीच ठेवली. तेव्हा सरांना हे विचारा की लांबून खेळायला ते पुढच्या काही महिन्यांसाठी सांगत आहेत की कायमचे. पहिल्या पुनरागमनाच्या लढतीपुरते असेल तर त्यात शहाणपण आहे.

मित्राने क्लब बदलायला सांगितले आहे. ब्रिटनचा मुष्टियोद्धा आमिर खान याने तेच केले होते. सप्टेंबर २००८ मध्ये मँचेस्टरला ब्रेडिस प्रेस्कॉटने त्याला अवघ्या ५४ सेकंदांत हरवले, आणि तो लॉस एंजेलिसला फ्रेडी रोच यांच्याकडे गेला. पायांची हालचाल सुधारली, एका वर्षाच्या आत तो जगज्जेता झाला आणि २०१० मध्ये मार्कोस मैदाना या प्रतिस्पर्ध्याच्या दहाव्या फेरीतल्या भयंकर माऱ्यातून उभ्याने वाचला. पण २०१२ मध्ये डॅनी गार्सियाच्या डाव्या हूकने त्याला पुन्हा तसेच गाठले, कारण मार बसल्यावर चिडून तिथेच उभे राहून मारामारी करायची त्याची सवय पुरती गेली नव्हती. प्रशिक्षक बदलल्याने नवे डोळे मिळतात. जुनी सवय मात्र आपल्याबरोबर नव्या क्लबातही येते. तुमच्या सरांनी पडण्याचे कारण नेमके सांगितले असेल तर त्यांना सोडू नका. 'तू हिंमत हरलास' एवढेच ते म्हणत असतील तर मात्र दुसऱ्या जाणत्या माणसाला लढतीचे चित्रण दाखवा.

ते चित्रण तुम्ही स्वतःही पाहिले पाहिजे, एकट्याने नव्हे, सरांबरोबर, आणि शेवटचा ठोसा नव्हे तर त्याआधीची पाच सेकंदे. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून मला जे दिसते ते असे : उजवा हूक मारताना उजवा हात हनुवटीपासून सुटतो आणि जबड्याची उजवी बाजू उघडी पडते, आणि समोरच्याचा डावा हूक नेमका त्याच बाजूला येतो. त्यात तुम्ही धावत आत शिरलात, म्हणजे डोके बहुधा पुढच्या गुडघ्याच्याही पुढे गेलेले होते आणि त्याच्या ठोशाच्या जोराला तुमच्या स्वतःच्या वेगाची जोड मिळाली. दोरांकडे गेलेला प्रतिस्पर्धी हरलेला आहे असे तुम्ही गृहीत धरले, पण तो जाणूनबुजून तुम्हाला ओढून घेत असावा. यातला कोणताही दोष 'पुढे जाऊन खेळणे' या पद्धतीचा नाही. पुढे जायचे असेल तर सुरुवात जॅबने किंवा पोटावरच्या ठोशाने करा, आणि उजवा हात लांबचा हूक म्हणून न मारता सरळ मारा, म्हणजे उजवा खांदा आपोआप वर येऊन जबडा झाकतो. ठोसा ज्या वाटेने गेला त्याच वाटेने हात परत यावा, आणि मारताना डोके मधल्या रेषेतून डावीकडे सरकलेले असावे. प्रतिस्पर्धी दोरांवर गेला की त्याच्या टप्प्याबाहेर अर्धे पाऊल थांबा, हुलकावणी देऊन त्याला आधी मारू द्या आणि त्याचा ठोसा हवेत गेल्यावर आत शिरा. हे अर्धे पाऊल शिकायला मला वाटते तुम्हाला काही महिने लागतील, आणि तेवढ्यासाठी सगळी शैली मोडायची गरज नाही.

डोळे मिटण्याविषयी तुम्ही जरा संकोचाने लिहिले आहे असे जाणवते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. शरीर आपले रक्षण करत आहे. पण त्याकडे दुर्लक्षही करून चालत नाही, कारण माणसाला आडवा करतो तो बहुधा न दिसलेला ठोसा, आणि मिटलेल्या डोळ्यांना प्रत्येक ठोसा न दिसलेलाच असतो. हे धाडसाने जात नाही, त्यामुळे 'पुन्हा मार खा म्हणजे भीती मोडेल' असे सांगणाऱ्यापासून दूर राहा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी धावणे आणि शॅडो (हवेत ठोसे मारण्याचा सराव), मग बॅग, मग सरांनी हातात धरलेले पॅड, आणि त्यातून डोकेदुखी किंवा चक्कर परत आली नाही तरच जोडीदाराबरोबर सराव, असा क्रम ठेवा. जोडीदाराबरोबर पहिले काही आठवडे त्याने फक्त जॅब मारायचा, तोही हलक्या हाताने, जड ग्लोव्हज घालून, आणि तुम्ही ठोसा न मारता केवळ अडवायचा आणि चुकवायचा. त्यानंतर त्याच्या डाव्या हूकची भर घालायची, पुन्हा हळू वेगातच. ठोसा येताना उघड्या डोळ्यांनी दिसू लागला की डोळे मिटणे हळूहळू थांबते.

सावधपणा मात्र थोडा राहील आणि राहू द्यावा. डिसेंबर २०१२ मध्ये हुआन मान्वेल मार्केझने फिलिपाइन्सच्या मॅनी पॅकियावला सहाव्या फेरीच्या अगदी शेवटी, तो झेपावत पुढे येत असतानाच, एका उजव्या ठोशाने पालथे पाडले. जवळपास वर्षभर थांबून पॅकियाव परतला. पावले तीच होती, कोन तेच होते, फक्त संपवण्याची घाई गेली होती. त्यानंतर तो गुणांवरच जिंकत राहिला आणि पुढचा नॉकआऊट विजय त्याला थेट जुलै २०१८ मध्ये मिळाला. दरम्यान तो पुन्हा जगज्जेता झालेला होता. उलट अमेरिकेचा रॉय जोन्स हात खाली ठेवून केवळ चपळाईवर खेळत असे. २००४ मध्ये चार महिन्यांत तो दोनदा नॉकआऊट झाला, आणि चपळाई ओसरल्यावर आधाराला धरावा असा पायाभूत बचाव त्याच्यापाशी नव्हता. आपल्याकडे विजेंदर सिंगचा व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला पराभव मार्च २०२१ मध्ये पणजीला, मांडवीतल्या जहाजावर, पाचव्या फेरीत झाला. पुढची लढत त्याने तब्बल सतरा महिन्यांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये रायपूरला खेळली आणि जिंकली. तुम्ही तर २२ वर्षांचे आहात. या हंगामातली स्पर्धा हुकली तर हुकू द्या.

राहिला आईचा प्रश्न. त्यांना गप्प करण्यासाठी युक्तिवाद शोधू नका. त्यांनी मुलाला बेशुद्ध होऊन पडल्याचे ऐकले आहे किंवा पाहिले आहे आणि त्यांची भीती वाजवी आहे. मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना त्यांना बरोबर घेऊन जा, आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर सगळे खरे सांगा, तीन आठवड्यांत स्पॅरिंग केल्याचेही. पुन्हा खेळायचे की नाही, आणि खेळायचे तर कधीपासून, हे डॉक्टर जे सांगतील ते तुम्ही आणि त्यांनी एकाच वेळी ऐकावे. उत्तर 'नाही' असे आले तर ते पाळावे लागेल. 'हो' आले तर पुढच्या लढतीआधी पुन्हा तपासणी करून घेण्याचे वचन त्यांना त्याच खोलीत द्या.